सत्तर रुपये, दामदुप्पट आणि बसायचा पाट

रविवारी दुपारी जेवणे आटोपून सगळ्या घराने एकत्र बसून पाहिलेल्या चित्रपटांत ‘अशी ही बनवाबनवी’चा क्रमांक बराच वर लागतो. सचिन पिळगावकर दिग्दर्शित हा चित्रपट १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. आजही तो स्मरणात आहे तो वेषांतराच्या विनोदामुळे. परंतु या साऱ्या धमालीच्या मुळाशी एक अत्यंत रुक्ष आर्थिक व्यवहार आहे. तो म्हणजे पुण्यात भाड्याने जागा मिळविणे.

धनंजय माने यांच्या खोलीत एकाचे चार होतात आणि घरमालक विश्वास सरपोतदार त्यांना बाहेरचा रस्ता दाखवितात. दुसऱ्या घरमालकीण लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार असतात. मग सुधीरची सुधा होते, परशुरामाची पार्वती होते आणि मंडळींची सोय लागते. यात लेखी करारनाम्याची आठवण फारशी कोणाला होत नाही, हे कथेच्या पथ्यावरच पडले. महाराष्ट्रात आता भाडेकराराची नोंदणी ऑनलाइन करता येते आणि तिथे आधार क्रमांकासह अंगठ्याचा ठसा लागतो. पार्वतीबाईंचा संसार त्या अंगठ्यापाशीच मोडला असता.

करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असा समज अनेक सुशिक्षित घरांतही आढळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा करारही त्यातून सुटत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून गमतीचा भाग पुढेच आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरविण्याचे ओझे मालकावर. धनंजय मानेंसारख्या वाक्पटू भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरायचे, म्हणजे लीलाबाईंनी बंगल्यावर पाणीच सोडायचे!

याच चित्रपटातील सरपोतदारांचे सत्तर रुपये अजरामर झाले आहेत. मधुमेहावरचे औषध इस्रायलहून मागवून देतो, असे सांगून मानेंनी ते घेतले आणि औषध पाठविणाऱ्या मित्राच्या निधनाची वार्ता देऊन बुडविले. हे सत्तर रुपये १९८८ मध्ये सरपोतदारांनी आठ टक्के चक्रवाढ व्याजाने गुंतविले असते तर? ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे ढोबळमानाने मिळतात. आठ टक्क्यांना नऊ वर्षे, म्हणजे २०२४ पर्यंतच्या ३६ वर्षांत चार वेळा दुप्पट. हाती १,१२० रुपये. मानेंकडून व्याजासह वसूल करायचे ठरविले असते, तर मात्र ‘दामदुपट’ हा हिंदू विधीतील जुना नियम आडवा आला असता. पूर्वीच्या मुंबई इलाख्यात न्यायालयांनी मान्य केलेल्या या नियमानुसार एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. म्हणजे फार तर १४० रुपये. आणि अशा येण्याच्या दाव्याला साधारणतः तीन वर्षांची मुदत असल्याने १९९१ नंतर तेही नाहीत. नातेवाइकांना हातउसने देऊन संकोचाने गप्प बसणाऱ्यांची हीच गत होते. वर्षाकाठी एक साधी सहीची पावती घेतली, तरी मुदत नव्याने सुरू होते. पण मेहुण्याकडे पावती मागणार कोण?

दामदुपटीचा हा नियम सावकाराला वेसण घालण्यासाठी होता. ‘फिर हेराफेरी’तील (२००६) लक्ष्मी चिट फंडाने दामदुप्पट हा शब्द नेमका उलटा फिरविला. अल्पावधीत पैसे दुप्पट करून देणाऱ्या त्या योजनेत राजू, श्याम आणि बाबूराव गणपतराव आपटे सर्वस्व ओततात. अशी मुदत उदारपणे एक महिन्याची धरली, तरी एक लाखाचे वर्षाअखेरीस सुमारे ४१ कोटी होतात आणि दुसऱ्या वर्षाअखेरीस सुमारे १ लाख ६८ हजार कोटी. एवढा साधा गुणाकार तिघांपैकी एकानेही केला नाही. किसान विकास पत्राला दुप्पट होण्यासाठी एप्रिल २०२३ च्या दरानुसार ११५ महिने लागतात, ही माहिती कोणत्याही टपाल कार्यालयात फुकट मिळाली असती. वास्तविक चिट फंड ही आपल्या भिशीचीच कायदेशीर बहीण. १९८२ च्या कायद्यान्वये नोंदविलेल्या फंडात सभासदांचाच पैसा सभासदांत फिरतो. तिथे तो दुप्पट होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुपटीचे नाव निघाले की ती भिशी नव्हे, हे ओळखावे.

‘बागबान’ (२००३) पाहताना मात्र हसू आवरते घ्यावे लागते. निवृत्त राज मल्होत्रा मुलांसाठी सारे खर्च करून मोकळे झालेले असतात आणि मुले आई-बापांची वाटणी करतात. शेवटी त्यांना तारते ते त्यांनी लिहिलेले पुस्तक. मानधनाच्या धनादेशाची वाट पाहणारा कोणताही मराठी लेखक ही निवृत्तियोजना किती भरवशाची आहे, ते सांगू शकेल. ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांना तर तोही आधार नव्हता, मिळकत त्यांनी निवृत्त होताच मुलांत वाटून टाकली होती. भरलेले ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये, असे जुनी माणसे सांगत आली. पाट न देताही ताट मिळविण्याचा एक मार्ग २००७ पासून उपलब्ध आहे: स्वतःचे घर असलेल्या साठीपुढील व्यक्तीला ते बँकेकडे तारण ठेवून नियमित रक्कम घेता येते आणि हयात असेतो त्याच घरात राहता येते. कर्ज फेडून घर सोडवायचे की नाही, हे नंतर वारसांनी ठरवावे.

तरीही घर मुलांच्या नावे करावयाचेच असेल, तर ‘आई-वडिलांचा सांभाळ करावा’ ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे ती मोडल्यास हस्तांतर रद्द करून घेता येते. अशी अट घालायची म्हटले की घरात थोडे वातावरण तापते, सूनबाई चहा ठेवायला म्हणून आत निघून जातात. बेलवलकरांच्या वेळी हा कायदा नव्हता. असता तरी समारंभाच्या त्या भरात अटीचे नाव त्यांनी काढले असते, असे वाटत नाही.