स्वस्त घर, महाग वेळ

मुंबईत नोकरी लागली की पहिला प्रश्न घराचा. तिथले भाडे पगारात बसत नाही, म्हणून आपली मंडळी पालघर-बोईसरला खोली पाहतात. १६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेट-डहाणू लोकल सुरू झाली आणि ही वाट अधिकच रुळली.

परंतु बंधू-भगिनींनो, नुसत्या भाड्याचा हिशेब करू नका. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, तिथून डहाणू आणखी ६४. पालघर-बोईसर या दुसऱ्या टप्प्यात येतात. विरारपुढे लोकल मोजक्याच. घरापासून कामापर्यंत तीन तास धरले, तर जाऊन-येऊन सहा. २५ दिवसांचे १५० तास, म्हणजे महिन्यातले सव्वासहा दिवस-रात्र प्रवासात! बाप निघतो तेव्हा लेकरे झोपलेली, परततो तेव्हाही झोपलेली. त्यांचा अभ्यास कोण घेणार? आई नोकरीला असेल तर तिची झोपच जाते.

विरार-नालासोपाऱ्याला राहून रोज दोन तास वाचले, तर महिन्याचे ५० तास झाले. समजा तिथे भाडे दोन हजारांनी जास्त आहे. म्हणजे एक तास ४० रुपयांना पडला. परवडतो का, ते आपणच ठरवा.

काम तारापूरच्या कारखान्यांत असेल, तर बोईसरच बरे. २०१४ साली पालघर जिल्हा झाला. जिल्हा कचेऱ्यांत काम असेल, तर पालघर जवळ.

डिपॉझिट देण्यापूर्वी कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी एकदा जाऊन-येऊन पाहा. आणि निर्णय एकट्याने नको. घरातल्या सर्वांनी बसून घ्या.