पहिला घोट आणि आतड्याला येणारी जाग

मागच्या वेळी आपण उपवासाबद्दल बोललो, तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘लंघन सगळ्यांनाच मानवतं का हो?’ त्याचं उत्तर आज आपण गोठ्यात जाऊन शोधू.

आपल्याकडे काही गोठ्यांत अजून एक समज आहे. गाय व्याली की तिची वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही. ‘चार-सहा तास थांबलं तर काय बिघडतं?’ असं म्हणतात. काय बिघडतं, ते पाहू.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी दाखवलं, की लहान आतड्यातून एक द्रव्य रक्तात उतरतं आणि स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला लावतं. त्याला त्यांनी सिक्रीटिन म्हटलं. पुढे १९०५ मध्ये अशा द्रव्यांसाठी स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. मूळ ग्रीक अर्थ, चेतवणारा. आपला ‘संप्रेरक’ हा शब्दही तेच सांगतो.

आता मोठ्या माणसाचं बघा. जेवलं की गॅस्ट्रिन, कोलेसिस्टोकायनिन ही संप्रेरकं वाढतात, उपाशी राहिलं की उतरतात. यंत्र तयार आहे. ते थांबतं आणि पुन्हा चालू होतं. म्हणून एका दिवसाचा उपवास त्याला झेपतो.

नवजात वासराचं यंत्रच अजून घडायचं असतं. चोखलेला चीक पहिल्या पोटाला बगल देऊन थेट चौथ्या पोटात उतरतो, आणि तिथून संप्रेरकांचे निरोप सुरू होतात. हे निरोप नुसता रस सोडायला सांगत नाहीत. त्यांतले काही आतड्याचं अस्तर वाढवायलाही सांगतात. डुकराच्या पिलांवर प्रयोग झाले आहेत. सगळं पोषण शिरेतून दिलं, तोंडाने काहीच नाही. शरीराला अन्न मिळालं, पण आतड्याचं अस्तर पातळ झालं. अस्तर वाढवणारं जीएलपी-२ हे संप्रेरक वाढलंच नाही. म्हणजे अन्न पोचलं, निरोप पोचला नाही!

दुसरी गोष्ट याहून तातडीची. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासरापर्यंत जात नाहीत; ती चिकातूनच मिळतात. ती आख्खी शोषून घेणारं आतड्याचं दार तासागणिक मिटत जातं आणि साधारण २४ तासांत बंद होतं. वार कधी पडेल, याची ते वाट पाहत नाही.

म्हणून पहिला चीक तास-दोन तासांत पाजावा. पहिल्या दिवसाचा हिशेब सोपा आहे: वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, दोन-तीन वेळा विभागून. खरवस आम्हालाही आवडतो. पण तो वासराचा वाटा काढल्यावर.

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं: ज्याने जेवण पाहिलंय, त्यानेच उपवास करावा. ज्याने पहिला घोटही घेतलेला नाही, त्याच्या बाबतीत ते लंघन नसतं, उपासमार असते.