विश्लेषण : भाडे वर्षाला एक मिरी... वॉल स्ट्रीटवरचे चर्च न्यूयॉर्कचे बडे जमीनदार कसे झाले?

९ जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त न्यूयॉर्कला आलेल्या राणी एलिझाबेथ द्वितीय यांना ट्रिनिटी चर्चने थकीत भाडे चुकते केले. रक्कम होती मिरीचे २७९ दाणे! वॉल स्ट्रीट जिथे ब्रॉडवेला मिळतो, तिथे उभ्या असलेल्या या चर्चची जागतिक वित्तकेंद्राच्या नकाशातील जागा समजून घ्यायची, तर या मिऱ्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

मिरीचे भाडे का?

इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याने १६९७ मध्ये ट्रिनिटीला सनद दिली. त्यात वर्षाला एक मिरी, असे भाडे ठरले. आपल्याकडे सरकार एखाद्या संस्थेला वर्षाला एक रुपया भाड्याने भूखंड देते, तसाच हा प्रकार. मोबदला नाममात्र, पण मालक कोण हे कागदावर राहावे म्हणून तो हवाच. न्यूयॉर्क तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि चर्च ऑफ इंग्लंड हा राजाश्रयाचा पंथ. चर्चच्या बांधकामाला पैसा मिळावा म्हणून किनाऱ्याला वाहून आलेले देवमासे आणि फुटलेल्या जहाजांचा माल यांच्या उत्पन्नावरही त्याला हक्क देण्यात आला.

खरे घबाड मिळाले १७०५ मध्ये. राणी ॲनने मॅनहॅटनमधील शेतजमीन चर्चला दिली आणि त्याची मालकी सुमारे २१५ एकरांवर गेली. तेव्हा तिथे शेते होती. पुढे शहर उत्तरेकडे सरकत गेले आणि या जमिनीचे सोने झाले. यातला काही भाग आनेके यान्स या विधवेच्या शेताचा. तिच्या एका मुलाच्या वारसांची विक्रीखतावर सही नव्हती, एवढ्या आधारावर तिच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या चर्चविरुद्ध खटले चालवले. प्रत्येक वेळी चर्चच जिंकले.

राजाचे चर्च ‘एपिस्कोपल’ कसे झाले?

स्वातंत्र्ययुद्धात हे चर्च पेचात सापडले. राजासाठी प्रार्थना म्हणणे हा उपासनेचाच भाग आणि बाहेर राजाविरुद्ध बंड. सप्टेंबर १७७६ मधील भीषण आगीत चर्चची पहिली इमारत खाक झाली. युद्ध संपल्यावर राजाला धर्मप्रमुख मानणे शक्य नव्हते. तेव्हा बिशपांची परंपरा तेवढी ठेवून अमेरिकेतील अनुयायांनी वेगळे ‘एपिस्कोपल चर्च’ उभारले. ट्रिनिटीचे रेक्टर सॅम्युअल प्रोव्होस्ट न्यूयॉर्कचे पहिले बिशप झाले. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन प्रार्थनेसाठी याच पॅरिशच्या सेंट पॉल्स चॅपेलमध्ये गेले, कारण मुख्य चर्च तेव्हा जळालेलेच होते.

दुसरी इमारत बर्फाच्या भाराने खिळखिळी झाली. आजची तिसरी इमारत रिचर्ड अपजॉन यांची, १८४६ मधली. तिचा २८१ फुटी मनोरा काही काळ देशातील सर्वांत उंच होता. आवारात अलेक्झांडर हॅमिल्टन यांची कबर आहे. पर्यटक गर्दी करतात ती तिथे.

डाग कोणते?

पर्यटकांच्या नजरेस सहसा न पडणारी बाजूही आहे. १६९७ मध्येच चर्चने आपल्या आवारात कृष्णवर्णीयांना पुरण्यास मनाई केली. त्यांच्या दफनासाठी शहराबाहेरची जागा उरली. ती विस्मरणात गेली आणि थेट १९९१ मध्ये, सरकारी इमारतीचा पाया खणताना, सापडली. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे.

दुसरा डाग भाडेकरूंचा. १९व्या शतकाच्या अखेरीस चर्चच्या जमिनींवर कोंदट, दाटीवाटीच्या चाळी होत्या. प्रत्येक मजल्यावर पाण्याचा नळ हवा, असा कायदा १८८७ मध्ये झाला. चर्चने तो मानला नाही. भरपाई न देता खर्च लादणे म्हणजे मालमत्ता हिरावणे, असा त्याचा युक्तिवाद होता. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो फेटाळला. आरोग्यासाठी सरकार घरमालकाला असा वाजवी खर्च करायला लावू शकते, हे त्या निकालाने पक्के केले. शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगणारी संस्था भाडेकरूच्या नळाविरुद्ध कोर्टात भांडते, यावर टीका झाली नसती तरच नवल. पुढे पत्रकारांनी हा विषय लावून धरला आणि २०व्या शतकाच्या आरंभी चर्चला जुन्या चाळी पाडाव्या लागल्या.

आज काय?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात, जुळ्या मनोऱ्यांसमोरच असूनही सेंट पॉल्स चॅपेल शाबूत राहिले. पुढचे कित्येक महिने बचाव कर्मचारी तिथेच जेवले, झोपले. दहा वर्षांनी ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’चे आंदोलक तंबूंसाठी चर्चचा मोकळा भूखंड मागत होते, तेव्हा मात्र नकार मिळाला. डिसेंबर २०११ मध्ये कुंपण ओलांडणाऱ्यांना अटक झाली. त्यात एपिस्कोपल चर्चचेच एक निवृत्त बिशप होते.

२१५ एकरांपैकी बरीचशी जमीन शतकांच्या ओघात दिली वा विकली गेली. आजच्या कोलंबिया विद्यापीठाचा पूर्वज असलेले किंग्ज कॉलेजही १७५४ मध्ये याच जमिनीवर सुरू झाले. उरलेली जमीन मात्र इतकी मोलाची, की २०१९ मध्ये चर्चच्या मालमत्तेचा अंदाज सुमारे ६ अब्ज डॉलर सांगितला गेला. २०१८ मध्ये डिस्नेने हडसन स्क्वेअरमधील एका भूखंडासाठी ६५ कोटी डॉलर मोजले. पण तेही खरेदीसाठी नव्हे, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी. जमीन अजूनही चर्चच्याच नावावर आहे.