चाक थांबले म्हणजे गाडी थांबली का?

सायकलच्या आऱ्यांना लागेल असा पुठ्ठ्याचा तुकडा बांधून ‘फटफटी’ पळवण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. चाक जोरात फिरले की टकटक भराभर येते, हळू फिरले की रेंगाळते. डोळे मिटूनही चाकाच्या वेगाचा अंदाज करता येतो. मोटारीतील एबीएस, म्हणजे अँटीलॉक ब्रेकिंग सिस्टिम, हेच करते. चाकाची टकटक ऐकून ब्रेक कधी सैल करायचा हे ती ठरवते.

पण थांबायचे असताना ब्रेक सैल का करायचा? एका फळीवर लाकडी ठोकळा ठेवा आणि फळीचे टोक हळूहळू उचला. ठोकळा बराच वेळ जागचा हलत नाही; पण एकदा घसरू लागला की तो कोन तसाच ठेवला तरी घसरतच जातो. घसरणाऱ्या वस्तूवरचे घर्षण स्थिर वस्तूवरच्या कमाल घर्षणापेक्षा कमी असते. फिरत्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्याच्या मानाने जवळजवळ स्थिर असतो. चाक जाम झाले की तो फरफटू लागतो. पकड तर कमी होतेच, शिवाय घर्षणाचे बल फक्त फरफटण्याच्या विरुद्ध दिशेने लागते. मग स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी वळत नाही. चाकाच्या कडेचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के कमी असतो, तेव्हा डांबरी रस्त्यावर टायरची पकड सर्वांत चांगली असते. चाकाला याच पट्ट्यात ठेवणे हे एबीएसचे काम.

त्यासाठी प्रत्येक चाकाचा वेग सतत कळावा लागतो. चाकाबरोबर फिरणारे एक दातेरी लोखंडी कडे असते. त्याच्या अगदी जवळ, एखाद्या मिलिमीटरवर, संवेदक म्हणजे सेन्सर बसवलेला असतो. जुन्या पद्धतीच्या संवेदकात एक चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. समोरून दाता गेला, मग खाच गेली, की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने 1831 मध्ये शोधलेले हेच ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन. समजा, कड्याला 48 दाते आहेत आणि चाकाचा परीघ 1.88 मीटर आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना अशा चाकाकडून सेकंदाला सुमारे 425 ठोके येतात.

आता खरी गंमत पुढेच आहे. सगळ्याच चाकांना ब्रेक लागलेला असताना चाक जाम होऊ लागले हे संगणकाला कळते कसे? ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. चांगल्या कोरड्या रस्त्यावरही साध्या गाडीचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या, म्हणजे 9.8 च्या, फारसे पुढे जात नाही. म्हणून गाडी थांबायला निदान 1.7 सेकंद हवेत. एखादे चाक 0.2 सेकंदातच थांबू लागले, तर गाडीही तितक्या लवकर थांबली हे अशक्य! अर्थ एकच, चाक जाम होत आहे. संगणक त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर कमी करतो, चाकाने वेग घेतला की पुन्हा वाढवतो. सेकंदात अनेक वेळा हे घडते. पेडल पायाखाली थडथडते ते त्यामुळेच.

म्हणजे संगणकाला रस्ता दिसत नाही. त्याला केवळ ठोके ऐकू येतात. गेल्या पावसाळ्यात मला याचा अनुभव आला. सिग्नलपाशी माझी गाडी थांबत आली की कोरड्या रस्त्यावरही पेडल थडथडे आणि गाडी हातभर पुढे जाऊन थांबे. धोक्याचा दिवा मात्र लागत नसे. तपासल्यावर कारण कळले. संवेदकाच्या बुडाशी गंज साचून तो दात्यांपासून किंचित दूर ढकलला गेला होता. वेटोळ्यातला विद्युतदाब चाकाच्या वेगावर अवलंबून असतो. वेगात असताना वाढलेल्या अंतरातूनही संदेश पोहोचत होता. वेग कमी झाला की त्या एका चाकाचे ठोके बंद पडत. तीन चाके फिरताहेत, चौथे थांबले, म्हणजे ते जाम झाले, असे समजून संगणक त्याचा ब्रेक सैल करी. त्याचा तर्क बरोबर होता, माहिती खोटी होती.

नव्या गाड्यांतील हॉल परिणामावर किंवा चुंबकरोधावर चालणाऱ्या संवेदकांना बाहेरून वीज मिळते, त्यामुळे अगदी कमी वेगातही त्यांचा संदेश दुबळा होत नाही. तरीही तार तुटणे, जोडात पाणी शिरणे, कडे तडकणे हे धोके राहतातच. तार तुटली तर संगणकाला तो दोष सहसा ओळखता येतो. तो एबीएस बंद करून दिवा लावतो. साधे ब्रेक चालू राहतात. ‘ब्रेक तर लागतात’ म्हणून पुष्कळ जण या दिव्याकडे दुर्लक्ष करतात. पण ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबायची वेळ आली, की चाक जाम होण्यापासून वाचवणारे कोणी उरलेले नसते.

मोटारींत आणि 125 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींत, नव्या मॉडेलांसाठी 2018 पासून आणि सर्व नव्या वाहनांसाठी 2019 पासून, भारतात एबीएस सक्तीचे झाले. तेव्हा हा विषय विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत आलेला आहे. थडथड जाणवली की घाबरून पाय उचलू नये, दिवा लागला की गाडी दाखवून घ्यावी, एवढे तरी त्यांनी घरी सांगावे.

आणि वर्गात पुठ्ठ्याची फटफटी जरूर करून पाहा. एखादा आरा तुटलेले चाक मिळाले तर फारच छान. विद्यार्थ्यांना डोळे मिटून ऐकायला सांगा आणि विचारा: दर फेरीला एक ठोका चुकतो आहे, तो चाक अडल्यामुळे की आरा नसल्यामुळे? नुसत्या आवाजावरून हे कसे ठरवाल?