मासा आजारी की पाणी?

मुलाचा वाढदिवस किंवा दिवाळीची सुट्टी यांचे निमित्त होते आणि घरात काचेची पेटी येते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तळाशी रंगीत खडी, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारी गाळणी आणि पाण्यात दोन गोल्डफिश, चार मॉली व काही गप्पी. पहिले काही दिवस घरातील लहानथोर पेटीसमोरून हलत नाहीत. आठ-दहा दिवसांनी मात्र एक मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, दुसरा तळाशी निपचित बसून राहतो. दुकानदाराकडून निळ्या औषधाची बाटली आणली जाते, अंदाजाने चार थेंब अधिकच टाकले जातात, आणि दोन दिवसांत मासे पोट वर करून तरंगू लागतात. 'घरावरचे संकट माशांनी अंगावर घेतले' असे म्हणून मोठी माणसे मनाचे समाधान करून घेतात. मुलाचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो : मासे का मेले?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा माशांच्या शरीरात नसून त्यांच्या भोवतीच्या पाण्यात असते.

पेटीतील अदृश्य व्यवहार

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे जो उत्सर्ग टाकतात, त्यातून अमोनिया निर्माण होतो. न खाल्लेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो अफाट पाण्यात विरून जातो. घरातील पेटीत तो साचत राहतो. निसर्गाने त्यावर योजलेला उपाय म्हणजे उपकारक जीवाणू. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेटमध्ये. पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणातही विषारी आहेत; तिसरा तुलनेने सौम्य असून पाणी बदलून काढता येतो. हे जीवाणू गाळणीच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात; परंतु ती वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नवी पेटी आणि भरपूर मासे एकाच दिवशी आले, तर विष साचते आणि ते पचवणारे कोणी नसते.

पाण्याचा गुणधर्मही येथे महत्त्वाचा ठरतो. आम्लता दर्शविणारा सामू ७ वरून ८ वर गेला, तर तेवढ्याच अमोनियातील विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. बदलीनिमित्त एका शहरातून दुसऱ्या शहरात गेलेल्या कुटुंबाला याचा अनुभव येऊ शकतो. तलावाच्या मृदू पाण्यात जी पद्धत निभावून गेली, तीच कूपनलिकेच्या कठीण पाण्यात घातक ठरते.

निदानाचा क्रम

वैद्य नाडी पाहतो, त्याप्रमाणे मत्स्यपालकाने प्रथम पाणी पाहावे. थेंब टाकून रंग पाहण्याचे तपासणी संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावयास हवेत. त्यांपैकी काहीही आढळले, तर औषधाच्या बाटलीला हात न लावता पाणी बदलावे, हा पहिला नियम होय.

त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत. आजार एकाच माशाला आहे की सर्वांना? एकाच दिवशी सर्व मासे अस्वस्थ झाले, तर दोष पाण्याचा असण्याची शक्यता अधिक. लक्षणे केव्हा दिसली? नळाचे पाणी थेट ओतल्यानंतर काही तासांतच मासे सैरभैर झाले, तर क्लोरीनचा संशय घ्यावा. आणि अलीकडे काय बदलले? नवा मासा, नवे अन्न, बंद पडलेला पंप किंवा नळाखाली स्वच्छ धुतलेली गाळणी. या शेवटच्या कृतीने जीवाणूंची सारी वस्ती वाहून जाते. म्हणून स्पंज नेहमी पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा.

मात्र माशाचा स्वभाव ठाऊक नसेल, तर निदान फसते. फायटर आणि गुरामी यांना हवेतून श्वास घेण्याचे स्वतंत्र इंद्रिय असते. त्यांनी अधूनमधून वर येऊन हवा घेणे हे आरोग्याचेच लक्षण आहे. गोल्डफिशने तसेच सतत करणे ही धोक्याची सूचना होय.

अंगावरील खुणा

पाणी निर्दोष आढळल्यावर माशाचे अंग न्याहाळावे. मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, आणि मासा खडीवर अंग घासत असेल, तर तो 'इक' नावाचा परजीवी होय. परंतु नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर विणीच्या काळात असेच पांढरे दाणे येतात. तो आजार नव्हे. सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली, तर तो 'व्हेल्वेट' हा वेगळा परजीवी समजावा. परांच्या कडा पांढुरक्या होऊन झिजत असतील, तर तो जीवाणूंचा संसर्ग असतो. अचानक पडलेली खाच मात्र बहुधा शेजाऱ्याच्या चाव्याची असते. पोट फुगून खवले उभे राहणे हे शरीरातील अवयव निकामी होत असल्याचे चिन्ह असून, अशा अवस्थेतून मासा क्वचितच वाचतो.

तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर दिसल्यास घाई करू नये. तो बुरशीचा असेल किंवा 'कॉलम्नॅरिस' या जीवाणूचा. इकसाठी पाणी उबदार करणे उपयोगी पडते. कॉलम्नॅरिस मात्र उबेत अधिकच बळावतो. चुकीच्या निदानाची किंमत ती हीच.

उपचार आणि संयम

पाणी बिघडले असेल, तर पाव ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी पेटीतील पाण्याइतक्याच तापमानाचे आणि क्लोरीनमुक्त असावे. दोन दिवस अन्न थांबवावे. निरोगी मासा तेवढा उपवास सहज सोसतो. नायट्राइट आढळल्यास आयोडीनविरहित साधे मीठ अल्प प्रमाणात घालणे हितकारक ठरते, कारण त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

इकवरील औषध माशाच्या कातडीखाली दडलेल्या परजीवीपर्यंत पोहोचत नाही. तो खाली पडून, विभागून पुन्हा पाण्यात पोहू लागतो, तेव्हाच मरतो. त्यामुळे ठिपके नाहीसे झाल्यावरही काही दिवस उपचार चालू ठेवावा लागतो. औषधाची मात्रा पाण्याच्या खऱ्या मापावर ठरते. वर सांगितलेल्या पेटीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा करता ते ४५ लिटरच्या आसपास भरते. औषध चालू असताना गाळणीतील कोळसा काढून ठेवावा, अन्यथा तो औषधच शोषून घेतो. निदान न करता प्रतिजैविकांची पूड टाकणे तर सर्वथा टाळावे. तिने गाळणीतील उपकारक जीवाणूंचेही नुकसान होऊ शकते.

पासबुकातील नोंदींप्रमाणे पेटीचीही एक छोटी वही ठेवावी : तारीख, किती पाणी बदलले, अमोनिया किती, कोणता मासा कधी आणला. हे काम घरातील मुलाकडे सोपवावे. पुढच्या वेळी पेटी मांडताना प्रथम दोन-तीन काटक मासे आणावेत, वहीतील आकडे शून्यावर स्थिरावू द्यावेत आणि मगच संख्या वाढवावी. तरीही एखादा मासा दगावेल. सजीवांच्या संगतीत ते अटळ आहे. पण मासा का मेला, या मुलाच्या प्रश्नाला त्या वेळी संकटाची कथा सांगावी लागणार नाही. उत्तर त्याच्याच हस्ताक्षरात वहीत लिहिलेले असेल.