रत्नागिरीतील राजबंदी

जर्मनीत म्युनिकजवळच्या डाखाउ येथे नाझी राजवटीने २२ मार्च १९३३ रोजी आपली पहिली मोठी छळछावणी उघडली. पुढील बारा वर्षांत तेथे दोन लाखांहून अधिक माणसे डांबली गेली, किमान एकेचाळीस हजार मृत्यू पावली, आणि १९६५ पासून ती जागा स्मारक म्हणून जपलेली आहे. तेथे जाणाऱ्यास आपण कोठे आलो आहोत याविषयी संशय राहत नाही. आमच्या रत्नागिरीच्या बंदिवासाची त्या नरसंहाराशी बरोबरी करणे हा अविचार होईल. परंतु कैदेची जागा कैदेची म्हणून दाखवावी, एवढा धडा तेथून घेण्यास हरकत नसावी. कारण आमच्याकडे येणारा प्रवासी ‘थिबा राजवाडा’ पाहतो, भाट्याच्या खाडीवरून येणारा वारा खातो, सूर्यास्त पाहतो आणि राजाचे वैभव पाहिल्याच्या समाधानात परत जातो.

वास्तविक ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा या वास्तूत राहावयास आला तो १९१० साली, म्हणजे रत्नागिरीच्या नजरकैदेची चोवीस वर्षे भाड्याच्या व सरकारी बंगल्यांतून काढल्यावर. आणि डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तो वारला. जांभ्या दगडाची ती भव्य इमारत, तिच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या, ब्रह्मदेशी सागवानाचे काम, या साऱ्याचा उपभोग त्याला लाभला तो जेमतेम सहा वर्षे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात, जे युद्ध म्हणावे की केवळ स्वारी असा प्रश्न पडावा इतक्या थोड्या दिवसांत आटोपले, मंडाले इंग्रजांच्या हाती पडले, आणि सव्वीस वर्षांचा राजा पट्टराणी सुपयालात, धाकटी राणी व लहान मुली यांच्यासह प्रथम मद्रासेस व एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणला गेला. रत्नागिरीची निवड दूरदर्शीपणाची होती. येथे आगगाडी नव्हती (ती यावयास विसावे शतक सरत आले), मुंबईची आगबोट पावसाळ्यात बंद पडे, आणि सह्याद्रीच्या घाटांनी मागची बाजू राखलेली होती. तेव्हा भिंती बांधण्याचा खर्च सरकारास करावा लागला नाही. पहारा होता, राजबंद्यांवर नेमलेला अंमलदार होता, तनखा होता, आणि तो पुरत नाही म्हणून व्हाइसरॉयकडे धाडलेल्या अर्जांची मालिका होती. कर्ज वाढले तसे राजघराण्याचे दागिनेही विकले गेले.

थिबाला निरागस हुतात्मा ठरविण्याचा मोह मात्र आवरावा. १८७९ साली त्याच्या कारकिर्दीत राजकुलातील अनेक आप्तांची कत्तल झाली होती, आणि ती विसरून चालणार नाही. त्याच्या गुन्ह्यांसाठी मात्र सरकारने त्याला कैद केले नव्हते. त्याचा मुलूख हवा होता म्हणून केले होते. चमत्कार असा की, दिल्लीचा पदच्युत बादशहा बहादूरशहा जफर यास याच सरकारने १८५८ साली रंगूनला धाडले होते व तो १८६२ साली तेथेच मरण पावला.

पुढे हेच हद्दबंदीचे तंत्र एका देशी माणसावरही चालले. अंदमानातून आणलेले विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीच्या तुरुंगात राहिले, आणि जानेवारी १९२४ मध्ये येरवड्यातून सुटल्यावर जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही व राजकारणात पडावयाचे नाही, या अटींवर १९३७ पर्यंत रत्नागिरीतच राहिले. राजास जे गाव तुरुंग झाले, त्याच गावाचा जिल्हा क्रांतिकारकास तुरुंग झाला.

थिबाच्या मृत्यूनंतरही हुकूम सुटला नाही. त्याचा देह स्वदेशी नेण्याची कुटुंबाची इच्छा होती. सरकारने ती मान्य केली नाही, आणि १९१२ मध्ये वारलेल्या धाकट्या राणीच्या शेजारी १९१९ साली रत्नागिरीतच त्याला चिरविश्रांती दिली. त्याच साली कुटुंबास ब्रह्मदेशी परतण्याची मुभा मिळाली; पट्टराणी १९२५ मध्ये रंगूनला निवर्तली. थोरली राजकन्या मात्र येथील एका मराठी माणसाशी संसार मांडून बसली होती; ती पुन्हा रत्नागिरीस आली व येथेच १९४७ साली मरण पावली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी येथे येऊन राजाच्या समाधीचे दर्शन घेतले.

तेव्हा रत्नागिरीस येणाऱ्या वाचकांनी राजवाड्याबरोबर शिवाजीनगरातील ती समाधीही पाहावी, आणि पुरातत्त्व खात्याने राजवाड्यातील संग्रहालयात त्या अर्जांच्या व हुकमांच्या नकला, मराठी तर्जुम्यासह, ठळकपणे लावाव्यात.