क्योटोची पानगळ : गर्दीपासून एक स्थानक दूर

नवी दिल्ली : नोव्हेंबरच्या मध्यापासून जपानच्या क्योटो शहरातील मेपलची झाडे लाल-केशरी रंगांनी उजळू लागतात आणि त्याच काळात शहरातील बसगाड्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. कियोमिझु-देरा, अराशियामा आणि तोफुकु-जी या तीन ठिकाणी पर्यटकांची सर्वाधिक झुंबड उडते. गर्दीत धोका नको म्हणून तोफुकु-जी मंदिराने तर ऐन हंगामात आपल्या प्रसिद्ध पुलावर छायाचित्रे काढण्यासही बंदी घातली आहे. मात्र, पानगळीचा हा सोहळा या तीन ठिकाणांपुरता मर्यादित नाही. एखादे रेल्वे स्थानक पुढे गेल्यास किंवा तासाभराचा बसप्रवास केल्यास तीच लाली बऱ्याच निवांतपणे पाहता येते.

रंग कसा येतो?

दिवस लहान होऊन रात्री गारठू लागल्या की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते. त्याखाली दडलेली पिवळी रंगद्रव्ये त्यामुळे दिसू लागतात. मेपलच्या पानांत साठलेल्या शर्करेपासून लाल रंगद्रव्यही तयार होते. स्वच्छ ऊन आणि थंड रात्री लाभल्या तर ही लाली अधिक गडद होते. आपल्याकडे वसंतात कोशिंबाच्या झाडाला तांबडी पालवी फुटते. ती कोवळ्या पानांची लाली असते, तर क्योटोची लाली निरोप घेणाऱ्या पानांची.

क्योटोत हा बहर साधारणतः नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या प्रारंभापर्यंत असतो. जपानच्या हवामान संस्थेकडील १९५३पासूनच्या नोंदींनुसार, देशात मेपलची पाने लाल होण्याचा दिवस दर दशकाला सुमारे तीन दिवसांनी पुढे सरकत आहे. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतील तारखांवर विसंबून सहल आखणे योग्य ठरणार नाही.

यामाशिना : पाच मिनिटांचे अंतर

क्योटो स्थानकातून रेल्वेने अवघ्या पाच मिनिटांत यामाशिना हे पुढचे स्थानक येते. तेथून वस्तीतून सुमारे वीस मिनिटे चालत गेल्यावर डोंगराच्या पायथ्याशी बिशामोन-दो मंदिर लागते. येथे झाडावरच्या पानांपेक्षा गळलेल्या पानांचे आकर्षण अधिक आहे. हंगामाच्या अखेरीस मंदिराकडे जाणारी चढण लाल पानांच्या गालिच्याने झाकून जाते. येथील आराध्य दैवत बिशामोन्तेन भारतीयांना परके नाही. वैश्रवण, म्हणजेच कुबेर, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचला आणि तेथे या नावाने पूजला जाऊ लागला.

ताकाओ : भारताची आस लागलेला भिक्षू

शहराच्या वायव्येला डोंगरांत वसलेल्या ताकाओ परिसरात जिंगो-जी, साइम्यो-जी आणि कोझान-जी ही तीन मंदिरे आहेत. क्योटो स्थानकातून बसने येथे येण्यास सुमारे एक तास लागतो. उंचीवरील गारव्यामुळे येथे शहराच्या आधी रंग चढतो. ऐन बहरात ताकाओतही वर्दळ असते. मात्र सकाळी लवकर पोहोचल्यास कियोताकी नदीच्या काठाने तिन्ही मंदिरे पायी पाहता येतात. जिंगो-जीला जाण्यासाठी सुमारे चारशे पायऱ्या चढाव्या लागतात. तेथे मातीच्या लहान थाळ्या दरीत भिरकावून अरिष्ट दूर करण्याची प्रथा आहे.

कोझान-जी हे १९९४पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. १२०६मध्ये त्याची उभारणी करणाऱ्या म्योए या भिक्षूला बुद्धाच्या भूमीची अनिवार ओढ होती. चीनमधील चांगआनपासून मगधातील राजगृहापर्यंत रोज किती चालल्यास किती दिवसांत पोहोचता येईल, याचा हिशेबही त्याने मांडला होता. ती यात्रा कधीच घडली नाही. हिशेबाचा कागद मात्र मागे राहिला.

पश्चिमेचा डोंगर आणि शहरातील अंगण

शहराच्या पश्चिमेकडील डोंगरउतारावर १०२९मध्ये स्थापन झालेले योशिमिने-देरा मंदिर आहे. अवलोकितेश्वराचे जपानी रूप असलेल्या कान्नोनच्या तेहतीस मंदिरांच्या यात्रेतील हे विसावे स्थान. मुकोमाची स्थानकाहून येथे येणाऱ्या बसगाड्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी लागते. मंदिराच्या आवारातून लाल झाडांच्या पलीकडे संपूर्ण क्योटो शहर दिसते.

शहराबाहेर जाणे शक्य नसेल त्यांच्यासाठी पूर्वेकडील शिन्न्यो-दो हा पर्याय आहे. मुख्य मंदिर आणि तीन मजली पॅगोडाभोवतीच्या मेपलच्या झाडांखाली शुल्क न देता फिरता येते. येथे भल्या सकाळी जाणे उत्तम.

शांतता टिकवण्याची जबाबदारी

२०२४मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पर्यटकांनी भेट दिली. त्याचा ताण क्योटोच्या रहिवाशांना रोज सोसावा लागतो. रुग्णालयात, शाळेत किंवा कामावर जाणाऱ्यांनाही पर्यटकांनी भरलेल्या बसगाड्यांतूनच प्रवास करावा लागतो. गिओन भागातील काही खासगी गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशबंदी करण्यात आली, तर मार्च २०२६पासून निवासकर प्रतिव्यक्ती, प्रतिरात्र कमाल १० हजार येनपर्यंत वाढवण्यात आला. यामाशिना, ताकाओ यांसारख्या भागांकडे पर्यटकांनी वळावे, यासाठी शहराचे पर्यटन मंडळही प्रयत्नशील आहे.

मात्र, गर्दी विखुरली म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. ही ठिकाणे शांत आहेत, कारण ती प्रार्थनेची आणि वस्तीची ठिकाणे आहेत. फांद्या न वाकवणे, कचरा सोबत परत नेणे, घरांच्या दारांत छायाचित्रांसाठी न थांबणे आणि आवाज बेताचा ठेवणे एवढे पथ्य पाहुण्यांनी पाळावे, अशी अपेक्षा असते.

बहुतेक मंदिरांचे दरवाजे दुपारी चार ते पाचच्या दरम्यान बंद होतात आणि नोव्हेंबरअखेरीस सूर्यही पाचपूर्वीच मावळतो. त्यामुळे दिवसाला एकच परिसर निवडून सकाळीच निघणे श्रेयस्कर. यादी लहान राहील. पण पान फांदीवरून सुटून जमिनीवर टेकेपर्यंत पाहण्याइतका वेळ हाताशी उरेल.